चौसष्टाचे पासष्ट

मला राग लवकर येतो, हे आधीच सांगून टाकते. नोकरीच्या पहिल्याच दिवशी, रजिस्टरवरची माझी सही वाळायच्या आत, एका माणसानं सगळ्या ऑफिससमोर माझी जिरवली होती, आणि तीही लाकडाच्या चार तुकड्यांनी. त्या दिवशी मी आतल्या आत इतकी धुमसत होते की दुपारचा डबासुद्धा उघडला नाही. आता त्या माणसाची आठवण निघाली की आधी तो न खाल्लेला डबा आठवतो.

ऑफिस जमीन मोजणीचं. नांदेड जिल्ह्यातल्या एका तालुक्याला, खाली खताचं दुकान आणि वर आम्ही. मी मूळची देगलूरची. घरात मराठी, गल्लीत तेलुगू आणि बाजारात कानडी ऐकत वाढलेली. लातूरला सिव्हिलचा डिप्लोमा केला, वर्गात पहिली आले, परीक्षा देऊन मोजणीदार झाले. म्हणजे अंगात वारं किती भरलं असेल बघा. तिथल्या वरिष्ठ सरांनी मला खुर्चीत बसवलं, चहा मागवला आणि खिशातून शाळेतल्या पोरांची असते तसली पत्र्याची कंपासपेटी काढली. मला वाटलं, आता पेन देतील.

आत सागवानाचे चार पातळ तुकडे होते. दोन त्रिकोणी आणि दोन तिरक्या माथ्याचे. त्यावर बुद्धिबळाच्या पटासारखी काळी-पांढरी घरं रंगवलेली. सरांनी ते टेबलावर जुळवून चौकोन केला.

"किती घरं, म्याडम?"

"आठ आठे चौसष्ट," मी म्हणाले. डिप्लोमावालीला हे विचारतात म्हणजे काय.

त्यांनी तेच चार तुकडे सरकवले, फिरवले आणि लांबट पट्टी जुळवली. पाच घरं रुंद, तेरा घरं लांब.

"आता?"

"तेरा पंचे..." एवढं म्हणाले आणि माझी जीभ अडकली. तेरा पंचे पासष्ट. मी पुन्हा बोटानं मोजलं. पासष्टच.

"तुकडे तेच, टेबल तेच, म्याडम तीच. एक घर कुठून आलं?"

शिपाई दारात उभा राहून हसत होता. दोन्ही क्लार्क फायलीआडून बघत होते. मी म्हणाले, "तुम्ही तुकडा बदलला." सरांनी शांतपणे शर्टाचे आणि पँटचे सगळे खिसे उलटे करून दाखवले. एका खिशातून सुपारी पडली, ती उचलून तोंडात टाकली.

"डोळ्याला नका इचारू," ते म्हणाले. "डोळा लई मोठ्या मनाचा असतोय. थोडंफार सोडून देतोय. नखाला इचारा."

त्यांच्या उजव्या हाताच्या करंगळीचं नख चांगलं वाढवलेलं होतं. आमच्याकडं बरेच जण वाढवतात, कान खाजवायला नाहीतर उगीच शौक म्हणून. सरांचं नख मात्र कामाचं होतं. भिंतीचा गिलावा असो, टेबलाची कड असो, बसच्या खिडकीची काच असो, ते नख त्यावरून फिरायचंच. मला त्या दिवशी नख नको होतं आणि ते सरही. ऑफिसात सगळे त्यांना पाठीमागं "पासष्टे" म्हणतात हे दुपारी कळलं, आणि मला तेवढाच दिलासा वाटला.

चारच दिवसांत मी मोबाईलवर त्या कोड्याचं उत्तर शोधलं. त्रिकोणाचा उतार आणि दुसऱ्या तुकड्याचा उतार सारखा नसतो. एक आठात तीन चढतो, दुसरा पाचात दोन. फरक एवढासा, की जुळवलेल्या पट्टीत कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत एक लांबलचक बारीक फट राहते. मधोमध जेमतेम मिलिमीटरभर, दोन्ही टोकांना काहीच नाही. सरांच्या तुकड्यांच्या कडांना काळी रेघ होती, त्या रेघेत ती फट लपून जायची. तिचं क्षेत्रफळ बरोबर एक घर. जास्तीचं घर म्हणजे रिकामी जागा, आपण ती भरलेली समजून मोजतो. मी हे सगळं कागदावर आकृती काढून, आकडेमोड करून सरांसमोर ठेवलं. शाबासकीसाठी उभी राहिले.

त्यांनी कागद नीट वाचला, घडी घातली आणि मला परत दिला.

"पाठ झालंय," ते म्हणाले. "समजलं न्हाई."

पुन्हा तोच राग. मी आठ दिवस त्यांच्याशी कामापुरतं बोलले. त्यांना ते लक्षातसुद्धा आलं नाही, हे आणखी वाईट.

सरांची दुसरी खोड म्हणजे "सरळ" हा शब्द त्यांना चालायचा नाही. एकदा एक क्लार्क कुणाच्या तरी सोयरिकीबद्दल सांगत होता, "पोरगा एकदम सरळ हाय, साहेब." सर फायलीतून मान वर न करता म्हणाले, "कुठून कुठवर?"  मोजणीच्या नकाशावर कुणी "सरळ रेषा" लिहिलं तर ते खोडून "दगड ते दगड" लिहायचे. म्हणायचे, "सरळ काय ते दोन दगडांच्या मधात असतंय. आन् मधलं कुणी बघतच न्हाई. सगळे दगडंच बघतात."

एका क्लार्कला बढती मिळाली तेव्हा त्यानं बर्फीची वडी आणली. मिठाईवाल्यानं बारा लांब पट्ट्या कापून दिलेल्या आणि ऑफिसात आम्ही तेराजण. शिपाई म्हणाला, "मला नको, मला शुगर हाय." त्याला शुगर-बिगर काही नव्हतं, सगळ्यांना माहीत होतं. सरांनी सुरी मागितली. सगळ्या पट्ट्यांवरून कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत एक तिरका काप मारला आणि वरचा भाग एका पट्टीनं पुढं सरकवला. मोजलं तर तेरा. प्रत्येकाची वडी बोटाच्या नखाएवढी आखूड झाली असेल, कुणाला कळलं नाही, आणि शिपाई दोन तुकड्यांची आपली वडी जोडून खात बसला. सर माझ्याकडं वळून म्हणाले, "बगा म्याडम, ही इद्या चांगल्या कामाला बी येते. सगळ्यांचं थोडं थोडं घेतलं तर कुणाचं घेतलं हे कळत न्हाई. देवानं ही इद्या चोराला बी दिली आन् वाढप्याला बी."

पण खरी गंमत त्यांच्या लेकीच्या लग्नाची. ही मला त्यांच्या घरच्यांनी सांगितली. ते मूळचे लातूरचे, घर तिकडंच, आणि तिथं लेकीला बघायला मुलं यायची. पोहे झाले, चहा झाला की सर कंपासपेटी काढायचे. पहिला इंजिनिअर होता. पासष्ट घरं बघून म्हणाला, "वा, जादू आहे." सर नंतर बायकोला म्हणाले, "ह्याला जादू पटली. उद्या कुणीबी ह्याला कायबी इकंल." दुसऱ्यानं हात झटकला, "असल्या खेळात काही अर्थ नसतो." त्याला पानसुपारी देऊन लगेच वाटेला लावलं. तिसरा खाजगी क्लासात फिजिक्स शिकवणारा. तो अर्धा तास बघत बसला, मुलीकडं बघायचं विसरला, आणि उठताना म्हणाला, "मामा, हे दोन दिवस घरी नेऊ का? नाहीतर मला झोप येणार नाही." नेलं ते आठ दिवस आणलंच नाही. नवव्या दिवशी आला ते उत्तर घेऊन आणि आईवडिलांना घेऊन. लेक अजून म्हणते, "मला बघायला कुणी आलंच न्हाई. माझं लग्न त्या चार तुकड्यांनी लावलं."

हे सगळं ऐकून मी हसायचे. पण मनात म्हणायचे, म्हातारपणाचे नाद. आमच्याकडं आता मशीन आहे, उपग्रह आहे. नखानं जमीन मोजायचे दिवस गेले.

मग गयामावशीची मोजणी आली.

मुदखेडच्या बाजूला एक गाव. तिथं गयामावशीची दोन एकर, आणि बांधाला बांध लावून एका मोठ्या शेतकऱ्याची बारा एकर. तो पूर्वी रस्त्यांची गुत्ती, म्हणजे कंत्राटं, घ्यायचा म्हणून गावात सगळे त्याला गुत्तेदारच म्हणायचे. माणूस दणकट, हसरा, दिलदार, गावजेवणाला पुढं. मावशी एकटी. मालक वारलेले, लेक नांदेडला नर्स. लेकीनं नोकरी लागल्यावर आईला शेतात बोअर घेऊन दिलं होतं, आणि त्या बोअरच्या पाण्यावर मावशी हळद काढायची. पाणाड्यानं नारळ फिरवून नेमकी बांधाजवळची जागा दाखवली होती. तेव्हा बोअर बांधापासून दोन पावलं आत, मावशीच्या रानात होतं. पुढं ते बांधावर आलं. आणि आता बांधाच्या पलीकडं, गुत्तेदाराच्या कापसात उभं होतं. गुत्तेदार म्हणत होता, बोअर माझ्या हद्दीत हाय. म्हणून मोजणी.

ती माझी एकटीची पहिली मोजणी. दिवाळीनंतरचं ऊन, कापसाच्या पऱ्हाट्या छातीएवढ्या, मधमाश्या घोंगावताहेत. मी मशीन लावलं. बांधाच्या दोन्ही टोकांचे जुने दगड शोधले. दोन्ही जागेवर, इंचभर हललेले नाहीत. मला इतका आनंद झाला की विचारू नका. दगड बरोबर म्हणजे हद्द बरोबर. नकाशावर दगड ते दगड रेघ मारली. राहिलं बोअर. ते कापसात असं दडलेलं की मशीनला दिसेना. मग मी टेप घेतला, बांधापासून बोअरपर्यंत मोजलं, तीन फूट भरलं, आणि नकाशावर रेघेच्या पलीकडं तीन फुटांवर बोअर दाखवलं. गुत्तेदाराच्या बाजूला. सही ठोकली.

मावशी तेव्हा बांधावर बसून होती. म्हणाली, "बाई, बोअर आधी माझ्यात हुतं."

मी म्हणाले, "मावशी, दगड जागेवर आहेत. मशीन खोटं बोलत नाही."

नकाशा हातात आल्या आल्या गुत्तेदारानं मोटारीच्या स्टार्टरच्या डब्याला आपलं कुलूप लावलं. मावशीच्या हळदीला अजून दोन महिने पाणी हवं होतं. पानं वेळेआधीच पिवळी पडायला लागली. तिनं फेरमोजणीचा अर्ज केला, आणि तो अर्ज द्यायला आली तेव्हा नेमके सर टेबलाशी होते. तिनं त्यांना "जय भीम, साहेब" केलं आणि उभ्या उभ्या एवढंच बोलली:

"मला मशीनचं कळत न्हाई. पर बोअर चालत न्हाई, साहेब. दोनशे फूट खाली गेलेलं हाय, ते कुठं चालंल? मग बांधच चालला आसंल का न्हाई?"

सरांच्या नखाची टेबलावरची टकटक थांबली. ते माझ्याकडं बघायला लागले. मी आधी चिडले. मग माझ्या डोळ्यासमोर तो टेप आला, बांधापासून बोअरपर्यंत धरलेला. दगडापासून नव्हे, रेघेपासून नव्हे, बांधापासून. बांध म्हणजेच रेघ असं मी धरून चालले होते.  मला कोडं चार दिवसांत सुटलं होतं आणि रानात मी त्याच फटीत पडले होते.

मावशी गेल्यावर मी सरांना म्हणाले, "माझ्यामुळं तिची हळद वाळून राहिली."

"हाव," ते म्हणाले. उगाच समजूत घालण्यातले नव्हते ते. "उद्या सकाळी सातला या. गवंड्याची दोरी घ्या संगं, तीनशे तीस फुटाला पुरंल एवढी."

दुसऱ्या दिवशी मोटारसायकलवर मागं बसून जाताना सरांनी मला एक गोष्ट सांगितली. वाऱ्यात अर्धी ऐकू आली. तरणे असताना कंधारच्या पुढं एका गावात त्यांनीही असाच बांध धरून नकाशा दिला होता. शेतकरी म्हातारा होता. भांडला नाही, तंटा केला नाही. "सरकारी माणूस म्हणतो तर बरोबरच आसंल" म्हणाला आणि वर हात जोडले. वर्षानं सरांना चूक कळली, ते स्वतःहून गेले, तोवर म्हातारा गेला होता आणि जमीन दुसऱ्याच्या नावावर. "त्यानं मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं," सर म्हणाले. "मावशी बोलली. तुमचं नशीब चांगलं हाय, म्याडम."  त्या दिवसापासून मी त्या कंपासपेटीला म्हातारपणाचा नाद म्हणणं कायमचं सोडलं.

रानात पंधरा-वीस माणसं जमली होती. सरपंच, पोलीस पाटील, आजूबाजूचे शेतकरी, आणि पांढऱ्या कपड्यात गुत्तेदार. चहाची किटली त्यानंच आणवलेली. मावशी जरा बाजूला, हळदीच्या कडेला. सरांनी मशीन काढलंच नाही. बाभळीखाली सतरंजीवर बसले आणि पेटी उघडली.

"गुत्तेदार, तुम्ही पूल बांधले, रस्ते बांधले. हे एवढं सांगा. आमच्या म्याडमला जमलं न्हाई."

आधी मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, मग कळलं ते काय करताहेत. गुत्तेदार खूश. असल्या गोष्टींचा त्याला भारी शौक. मांडी घालून बसला. चौसष्ट मोजले, पासष्ट मोजले. तुकडे उलटे केले, नाकाशी धरले, चष्मा मागवला. लोक भोवती वाकले. कुणी म्हणे रंग फसवा हाय, कुणी म्हणे तुकडे फुगतात. वीस मिनिटं गेली. चहा निवला. शेवटी सर म्हणाले, "डोळ्यानं न्हाई. जोडावरून नख फिरवा."

गुत्तेदारानं अंगठ्याचं नख त्या तिरक्या जोडावरून नेलं. टोकाला गुळगुळीत. मध्यावर नख अडकलं. तो थांबला, परत फिरवलं, आणि त्याचा चेहरा असा फुलला की काय सांगू.

"फट हाय इथं. केसावानी हाय, पर हाय."

"केवढी?"

"रुंदी कायबी न्हाई. लांबी मात्र ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत. दोन्ही टोकं बराबर बसलेली, मधातच पोट सुटलंय."

"मग जादाचं घर कुठंय?"

"ह्यातच की, साहेब." त्यानं चारी बाजूंना बघितलं, जिंकल्यासारखं. "लांबवर पसरून ठेवलंय म्हणून दिसंना. टोकं जागेवर हायेत म्हणून कुणी मधात बघतच न्हाई."

 सरांनी मान वळवली आणि बांधाकडं बघितलं. एका टोकाचा दगड, मग बांध, मग लांब दुसऱ्या टोकाचा दगड. हळूहळू एकेकाची मान तिकडं वळली. पोलीस पाटील खाकरला. कुणी हसलं नाही. गुत्तेदाराचं नख अजून त्या फटीवरच होतं.

त्यानं हळूच नख उचललं. मग चष्मा काढून खिशात घातला आणि स्वतःच म्हणाला, "दोरी हाय का, साहेब?"

दोन्ही दगडांवर कळक उभे केले आणि माणूसभर उंचीवरून, पऱ्हाट्यांच्या वरनं दोरी ताणली. एका टोकाला दोन गडी, दुसऱ्या टोकाला मी. माझ्या तळहाताची साल निघाली. दोरी लोंबत होती तोवर सर "अजून, अजून" म्हणत राहिले. मग त्यांनी करंगळीच्या नखानं दोरीला टिचकी मारली. दोरी गुणगुणली. "बोलली," सर म्हणाले. "ढिली दोरी मुकी असते. बोलली म्हंजी सरळ." त्यांनी कशाला तरी "सरळ" म्हटलेलं मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं.

बांधाच्या मध्यावर जाऊन त्यांनी दोरीवरून ओळंबा सोडला. ओळंबा बांधावर पडला नाही. बांधाच्या पलीकडं, कापसात साडेसहा फुटांवर जाऊन टेकला. बोअर तीन फुटांवर. म्हणजे खऱ्या रेघेच्या आत, मावशीच्या रानात, दोन पावलं. पाणाड्यानं दाखवलं होतं तिथंच. टोकाला काहीच नाही आणि मधोमध साडेसहा फूट. दरसाल ट्रॅक्टरचा एक फाळ इकडं, एक फाळ इकडं, आणि तीनशे तीस फुटात अख्खा एक गुंठा बसला होता. डोळ्याला बांध अजूनही सरळ दिसत होता. मी दोरीखाली उभी राहून बघितलं, तरी सरळच दिसत होता.

"माझा डायवर..." गुत्तेदारानं सुरुवात केली. मग मावशीकडं बघितलं आणि ते वाक्य सोडून दिलं. कंबरेच्या जुडग्यातून किल्ली काढली, स्टार्टरच्या डब्याशी गेला, कुलूप काढलं आणि बटण दाबलं. पाईपातून आधी हवा आली, मग गढूळ पाणी, मग चांगलं. मावशी उठली आणि खोरं घेऊन पाण्याला वाट करून द्यायला लागली.

मी तिच्या मागं गेले. मला माफी मागायची सवय नाही, घरात विचारा कुणालाही. म्हणाले, "मावशी, चूक माझी होती. मी बांध धरून मोजलं."

"चूक तर झालीच की," ती म्हणाली, खोरं न थांबवता. "मी तवाच म्हणले हुते तुला. चप्पल काढ, चिखल हाय. आन् च्या घेऊन जा, तुझी जाताना लई घाई असती."

मी चप्पल काढली. त्या चिखलात उभी राहून चहा प्यायले आणि रडू आलं, ते चहात लपवलं. नंतर सरांनी मशीन लावून सगळं रीतसर केलं, नवा नकाशा झाला. माझी चूक त्यांनी कागदावर तशीच लिहिली, एक अक्षर मऊ न करता. मी त्याखाली सही केली. आजवर केलेल्या सह्यांत तीच मला सगळ्यात चांगली वाटते.

निघताना सर गावाला म्हणाले, "दगड बसला म्हंजी काम झालं असं समजू नका. पेरणीआधी दरसाल दोरी लावा." आणि गुत्तेदारानं ते मनावर घेतलं. पुढच्या मे महिन्यात त्याचाच फोन. "म्याडम, साहेबाला घेऊन या. माझ्या बांधाला कुणी नाव ठेवाया नको." तेव्हापासून तो रिवाजच पडला. एक टोक गुत्तेदार धरतो, दुसरं मावशी, आणि सर मधोमध उभे राहून टिचकी मारतात. जवळपासच्या दोन-चार बांधांवरही आता दोऱ्या लागतात. सर रिटायर झाले, लातूरला लेकीकडं गेले, तरी मे महिन्यात एस.टी.नं यायचे. ऑफिसात नवी पोरं लागली की मीही त्यांच्यासमोर चार तुकडे ठेवते. सरांनी आपले दिले नाहीत, जिवापलीकडं जपतात. मी माझे स्वतः सुताराकडून करून घेतले. पाठीमागं मला पोरं काय म्हणतात ते मला ठाऊक आहे.

यंदा सर आले नाहीत. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेला, ऑपरेशनची तारीख मिळालेली, लेक पाठवायला तयार नाही. मला वाटलं, ह्या वर्षी राहू द्यावं. पण गुत्तेदारानं ऐकलं नाही आणि मावशीनं तर दोरी काढूनच ठेवलेली. म्हणून मी बांधावरून सरांना व्हिडिओ कॉल लावला. पडद्यावर त्यांचं अर्धं कपाळ आणि लातूरच्या फ्लॅटचं छत.

"सर, दिसतंय का?"

"काय दिसतंय, धुकं दिसतंय. तो बांध हाय का म्हैस?"

मावशी हसली. म्हणाली, "साहेब, बोअर जागेवर हाय."

"ते कुठं जातंय," सर म्हणाले. "बांधाचं सांगा."

आम्ही दोरी ताणली. सवयीनं मी सांगायला लागले की ओळंबा बांधाच्या मध्यावरच पडलाय, चार बोटांचाही फरक नाही. ते म्हणाले, "म्याडम, तुमच्या डोळ्यावर माझा भरवसा कवापासून? दोरीला फोन लावा."

मी मोबाईल दोरीला टेकवला. गुत्तेदारानं आपलं टोक गड्याच्या हातात दिलं, मध्यावर आला, आणि करंगळी पुढं केली. मी बघतच राहिले. त्या दणकट, अंगठ्या घातलेल्या हाताच्या करंगळीला नख वाढवलेलं होतं. त्यानं टिचकी मारली.

दोरी बराच वेळ गुणगुणत राहिली. फोनमधून काही आवाज येईना. मला वाटलं, रेंज गेली.

"सरळ हाय," लातूरहून सर म्हणाले. "पेरा म्हणावं."